गायकवाड म्हणजे कोण?

संगणकावर चढवलेल्या जुन्या ग्रंथांत आणि वृत्तपत्रांत मी 'गायकवाड' हे आडनाव शोधले ते दादासाहेबांसाठी. आधी समोर उभा राहिला तो बडोद्याचा राजवाडा!

बाबासाहेब १९१३ साली ज्यांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले ते सयाजीराव महाराज गायकवाड. महाडच्या १९२७ च्या परिषदेसाठी राबलेले संभाजी तुकाराम गायकवाड. आणि १९३० च्या काळाराम सत्याग्रहात नाशिक पेटते ठेवणारे भाऊराव कृष्णराव, म्हणजे आपले दादासाहेब. यंत्राला हे तिघे एकच. महाराजांचे आडनाव इंग्रजी कागदांत पुष्कळदा शेवटी 'र' घेऊन येते, ते मात्र यंत्राच्या हातून निसटते.

मी स्वतः फसलो आहे. एका मजकुरातली 'गायकवाडांची मदत' मी बडोद्याच्या खात्यावर मांडली. मदत म्हटली की राजाच आठवावा, ही सवय आपल्यातही मुरलेली आहे. पुढे साल पाहिले तर १९४३. सयाजीराव १९३९ मध्येच वारले होते. पण तेवढ्याने निकाल लागत नाही; गादीवर प्रतापसिंहराव होतेच. निकाल लावला शेजारच्या ओळींनी. तिथे नाशिक होते, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन होते, सभेची वर्गणी होती. खेड्यापाड्यांतून पै-पैसा गोळा करणाऱ्या माणसाचे श्रम मी सिंहासनाला बहाल केले होते.

नुसत्या पहिल्या नावावर विसंबावे तरी पंचाईतच. १९५४ च्या कागदांत 'भाऊराव' दिसला की जिल्हा आधी पाहावा. भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत बाबासाहेबांचा पराभव करणारे काँग्रेसचे उमेदवारही भाऊरावच, भाऊराव बोरकर. 'कांबळे' आले तर ते १९०८ साली 'सोमवंशीय मित्र' काढणारे शिवराम जानबा, की रिपब्लिकन पक्षातल्या फुटीच्या काळातले बी. सी. कांबळे, हेही सालावरूनच चाचपावे लागते. महाराजांना पदव्या असतात, वकिलांना आद्याक्षरे असतात. आपल्या कार्यकर्त्याला बातमीत बहुधा नुसते आडनाव मिळते, आणि तेही चुकीचे छापलेले.

कोरेगावच्या स्तंभावर तर तेही नाही. १ जानेवारी १८१८ रोजी पडलेल्या महार शिपायांची नावे तिथे 'नाक' या शेवटाने ओळखू येतात. माझ्या सूचीत मी त्यांच्यापुढे पलटण लिहिली, साल लिहिले. आडनावाचा रकाना कोराच ठेवला.