चार पत्रांचं टपाल

आज तोफा जरा बाजूला ठेवू आणि टपालाकडे बघू.

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातले सेनापती, लढाया, तह हे सगळं पुस्तकांत मिळतं. मागे घरी राहिलेल्यांचं काय झालं, ते पत्रांत सापडतं. जॉन आणि ॲबिगेल ॲडम्स या नवराबायकोनं एकमेकांना लिहिलेली अकराशेहून जास्त पत्रं टिकली आहेत. जॉन पुढे अमेरिकेचे दुसरे राष्ट्राध्यक्ष झाले.

जुलै १७७७. जॉन फिलाडेल्फियात, काँग्रेसच्या कामात. ॲबिगेल मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रेनट्री गावी, दिवस भरत आलेले. ९ तारखेला तिनं लिहिलं, की आदल्या रात्री अंगात कापरं भरलं, पोटातलं बाळ गेलं असावं अशी भीती वाटते. १० तारखेच्या रात्री कळा सुरू झाल्या, तरी ती लिहीत होती; कळ आली की लेखणी खाली. ११ला मुलगी मृत जन्मली. १६ला तिनं स्वतः नवऱ्याला सविस्तर कळवलं. आणि जॉनच्या हाती हे सगळं २८ जुलैला एकदम पडलं. भीती, कळा, शोक, सारं एका दिवशी.

फौजेत आमचंही टपाल बर्फात अडकलं की गठ्ठ्यानं यायचं. आधी शिक्के बघून पत्रं तारखेवार लावायची आणि मगच फोडायची, हे प्रत्येक जवानाला ठाऊक असतं.

शत्रूचाही टपालावर डोळा होता. १७७५मध्ये जॉनची पत्रं इंग्रजांनी पकडली, ती छापलीही गेली. सहकाऱ्याबद्दलचे तिखट शेरे चव्हाट्यावर आले. तरी माणूस लिहायचा थांबला नाही. १७७६च्या जूनमध्ये त्यानं पत्रांच्या नकला ठेवायला जाड वही घेतली आणि बायकोलाही तसंच करायला सांगितलं.

उलट मार्था वॉशिंग्टननं नवऱ्याशी झालेला पत्रव्यवहार जाळला. मोजकीच पत्रं वाचली. तो तिचा हक्क होता, पण त्यामुळे जॉर्ज वॉशिंग्टन आपल्याला सेनापती म्हणून जेवढे कळतात, तेवढे नवरा म्हणून कळत नाहीत.

ॲडम्स घराण्यानं मात्र दप्तर जिवापाड सांभाळलं. मुलगा जॉन क्विन्सी यानं मृत्युपत्रातच आगीपासून सुरक्षित इमारतीची इच्छा नोंदवली होती. १८७०मध्ये घराशेजारी स्वतंत्र दगडी ग्रंथालय उभं राहिलं. १९५६मध्ये सगळी कागदपत्रं बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीला दिली गेली. जुलै १७७७ची ती पत्रं आज तिच्या संकेतस्थळावर, ॲबिगेलच्याच अक्षरात, घरबसल्या बघता येतात.