जांभ्याचा चिरा

कोकणातला सडा ज्या तांबड्या जांभ्याचा बनला आहे, तो मुळात बहुतांशी काळा कातळच होता, असे सांगितल्यास परप्रांतीयाचा विश्वास बसणे कठीण. परंतु उन्हाने व मुळांनी उललेल्या फटींतून, हवेतील आणि मातीतील कर्बवायूमुळे किंचित आम्ल झालेले पावसाचे पाणी लक्षावधी वर्षे झिरपत राहिले, आणि चुना, सोडा व पुढे सिलिकाही धुऊन नेत, लोह व अॅल्युमिनियम यांची ऑक्साइडे तेवढी मागे ठेवीत गेले.

टिपूच्या पाडावानंतर गव्हर्नर-जनरल वेलस्ली याच्या हुकमाने म्हैसूर, कानडा व मलबार या मुलखांची पाहणी करणाऱ्या फ्रान्सिस बुकॅननने, खाणीत लोखंडी हत्याराने सहज कापला जाणारा हा दगड वारा लागताच कठीण होतो, हे 1807 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या वृत्तांतात नमूद केले. चिरेखाणीवरच्या पाथरवटास हे कळण्यासाठी साहेबाची वाट पाहावी लागली नव्हती, ही गोष्ट अलाहिदा.

जुन्या गोव्यात, 1605 साली अभिषेक झालेल्या बॉम जेझूच्या चर्चचा चुन्याचा गिलावा विसाव्या शतकाच्या मध्यास उतरविण्यात आला. उघडे पडलेले लाल चिरे देखणे खरे; पण सच्छिद्र जांभ्यात पावसाळ्याचे पाणी मुरते आणि पृष्ठभाग झिजत जातो. जुन्या कारागिरांनी तो गिलावा केवळ शोभेसाठी खास दिला नसावा.