सारंगखेड्याच्या तंबूत एक रात्र

पुण्यातल्या मैत्रिणीचा मेसेज आला. ‘सारंगखेड्याचा घोडेबाजार बघायचाय. महागडा टेंट घेऊन राहिलं तर पैसे वसूल होतात का, की दिवसभर फिरून परत निघावं?’

मी ‘होतात’ टाइप केलं आणि पुसलं. ‘नाही’ टाइप केलं, तेही पुसलं. सारंगखेड्यात रात्री कोण राहत आलं आणि कोणाला राहता आलं नाही, हे सांगितल्याशिवाय तिला उत्तर देता येणार नव्हतं.

सारंगखेडा हे नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातलं, तापीकाठचं गाव. रेल्वेने येणारे दोंडाईचाला उतरतात आणि पूल ओलांडून गावात येतात. इथे एकमुखी दत्ताचं मंदिर आहे. दत्तजयंतीला, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेला, यात्रा सुरू होते आणि तिच्यासोबत घोड्यांचा बाजार. मारवाडी, काठियावाडी, पांढराशुभ्र नुकरा असे घोडे लांबलांबून येतात. या बाजाराला तीनशेहून जास्त वर्षं झाली, असं आमच्याकडे सांगतात.

माझे वडील, आप्पा, दरवर्षी तिथे तीन-चार रात्री काढायचे. गाडी सोडायची, खाली कडबा पसरायचा, वर गोधडी. भाडं शून्य. लहानपणी मला वाटायचं, ते मजा करायला राहतात. मजा होतीच, पण कारण वेगळं होतं. दुपारी घोडा बघायला मिळतो तो खरारा केलेला, सजवलेला आणि फिरवून आणलेला. पाय थोडा दुखत असेल तर बऱ्याचदा चालून अंग गरम झाल्यावर ते लपतं. पहाटेच्या थंडीत, पहिल्या दहा पावलांत, ते दिसतं. रात्री तो खोकतो का, चारा टाकून देतो का, अनोळखी माणूस जवळ गेला की कान मागे पाडतो का, हे बघायचं तर दावणीजवळच झोपावं लागतं. घोडा विकणाराही घोड्याला सोडून कुठे जात नाही. त्यामुळे इथला मुक्काम हा सौद्याचाच भाग होता.

माझी माय मात्र कधीच मुक्कामाला राहिली नाही. आमच्या गावापासून यात्रा तासाभराच्या अंतरावर. ती सकाळी यायची, दत्ताला नारळ फोडायची, बांगड्या आणि भांडी घ्यायची आणि दिवस मावळायच्या आत घरी परतायची. रात्रीचा तमाशा, शेकोट्या, पहाटेचा बाजार हे सगळं तिने आप्पांच्या तोंडून ऐकलेलं. यात्रेला निघताना ती घोटभरच चहा घ्यायची आणि दिवसभर पाणी टाळायची. का, ते मला मोठेपणी कळलं. उघड्या माळावर पुरुषाला आडोसा लागत नाही. बाईला लागतो.

आता मुक्काम विकण्याच्या धंद्याकडे येऊ. तो सुरू झाला यात्रेपासून फार दूर. अमेरिकेत अनाहाइमला १९५५च्या जुलैत डिस्नेलँड उघडलं. वॉल्ट डिस्नेकडे हॉटेल बांधायला पैसा उरला नव्हता. ते काम त्याने जॅक रॅदर नावाच्या उद्योजकाला दिलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात डिस्नेलँड हॉटेल सुरू झालं. पार्कच्या आजूबाजूला इतरांचीही मोटेल उभी राहिली. पाहुणे डिस्नेचे आणि रात्रीचं भाडं दुसऱ्याच्या खिशात! फ्लोरिडात कंपनीने ही चूक टाळली. सुमारे २७ हजार एकर जमीन आधीच घेऊन ठेवली आणि १९७१मध्ये पार्कसोबत स्वतःची हॉटेलंही उघडली. त्यातल्या एकाच्या तर पोटातून मोनोरेल जाते. अनाहाइमचं ते पहिलं हॉटेल परत हातात यायला मात्र १९८८ साल उजाडलं.

तेव्हापासून हिशेब सरळ आहे. तिकिटावर माणूस एक दिवस येतो, खोली दिली की तो रात्रीचाही गिऱ्हाईक होतो. खोलीसोबत जवळीक विकली जाते: गेटपाशी राहा, सकाळी सगळ्यांच्या आधी आत जा. कच्छच्या रणोत्सवातले तंबू याच वाटेवरचे. सारंगखेड्यालाही तोच नमुना लावायचं ठरलं. बाजाराला ‘चेतक फेस्टिवल’ हे नाव मिळालं. २०१७च्या डिसेंबरात महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने अहमदाबादच्या एका कंपनीशी करार केला. २०१९च्या नोव्हेंबरअखेरीस राज्याच्या पर्यटन विभागाने आर्थिक अनियमिततेचं कारण देत तो रद्द करायला सांगितलं. बातम्यांमध्ये ३२१ कोटींचा आकडा गाजला. करार मोडला तरी बाजार काही मोडला नाही. तो त्याच्या आधीही भरत होताच.

मधल्या काळात, २०१८च्या डिसेंबरात, मी आई-वडिलांसाठी एका रात्रीचा तंबू घेतला. माझ्या पगाराला ते भाडं झोंबलं. पलंग, गादी, दिवे, मागे जोडलेलं संडास-बाथरूम, गरम पाणी. आप्पांनी गादी दाबून पाहिली आणि म्हणाले, “गादीवर झोपीसन घोडा समजस का?” मायने गादीकडे पाहिलंही नाही. ती थेट मागे गेली, नळ सोडून पाहिला, मग पुढे येऊन दाराच्या चेनला हात लावत मला विचारलं, “आतून लागस ना?”

लागत होती. त्या रात्री माय जेवताना तांब्याभर पाणी प्यायली.

पहाटे चारला जाग आली तर दोघंही तंबूत नव्हते. मी शाल गुंडाळून दावणीकडे गेले. धूर, लीद, ओल्या चाऱ्याचा वास. एका व्यापाऱ्याच्या शेकोटीशी आप्पा बसले होते आणि शेजारी माय. एक पंचकल्याणी घोडा तिच्यासमोरून चालवत नेला जात होता, चारही पाय आणि कपाळ पांढरं. आप्पा सांगत होते, ती बघत होती. ज्या बाजाराच्या गोष्टी तिने चाळीस वर्षं ऐकल्या, तो तिला पहिल्यांदा दिसत होता.

परत आल्यावर मी हिशेब मांडला. त्या रात्री आमच्या उपयोगाचं काय होतं? पहाटेचा बाजार फुकट होता. शेकोटी फुकट होती, चहाही त्या व्यापाऱ्यानेच पाजला. गादी कोणाला आठवतही नाही. मी पैसे मोजले ते आतून लागणारी चेन, नळ आणि रात्रभर जळणारा दिवा यांच्यासाठी. या गोष्टी चैनीच्या नाहीत. यात्रेला येणाऱ्या प्रत्येक बाईला त्या मिळायला हव्यात, आणि त्यासाठी मुलीला पुण्यात नोकरी असायची अट नको. जुनी यात्रा सगळ्यांना मोकळी होती, असं आपण प्रेमाने म्हणतो. रात्री ती अर्ध्याच लोकांना मोकळी होती. महागड्या तंबूने उरलेल्यांसाठी दार उघडलं आणि दारावर भाडं लावलं.

मैत्रिणीला शेवटी लिहिलं: ‘गादीसाठी येणार असशील तर पैसे वाया. मुक्काम मात्र कर. स्वच्छ संडास आणि आतून बंद होणारं दार इतकं जिथे मिळेल, तिथे राहा. सोबत कोणी म्हातारं माणूस किंवा लेकरू असेल तर जास्तीचे पैसेही दे. पहाटे चारचा गजर लाव आणि दावणीकडे जा.’

तिचा लगेच रिप्लाय आला. ‘आईला घेऊन येऊ?’

‘तिलाच आण,’ मी लिहिलं. ‘आमच्या मायने त्या पहाटे दोन कप चहा घेतला होता.’