पुस्तक घेऊन वाचकाच्या दारी

मंडळी, हल्ली पुण्यामुंबईच्या पुस्तकांच्या दुकानांत नव्या पुस्तकाचा लेखक जातीने येऊन बसतो, चार उतारे वाचून दाखवितो, प्रश्नांना उत्तरे देतो आणि विकत घेतलेल्या प्रतीवर सही करून देतो. काही जाणत्या मंडळींना हे रुचत नाही. लेखकाने लिहावे, विकणे हे दुकानदाराचे काम. सरस्वतीच्या उपासकाने हाती तागडी धरू नये, असे त्यांचे म्हणणे. मी पडलो कामगारांत वावरणारा माणूस. आपले श्रम विकून पोट भरणाऱ्यांच्या संगतीत आयुष्य गेल्यामुळे ‘विकणे’ या शब्दाची मला लाज वाटत नाही. पण माझे मत राहू द्या. या प्रथेचा आपल्या मुलखातील मागोवा घेऊ.

ज्या परंपरेत आपली ही व्याख्यानमाला बसते, ती वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यास १८७५ साली सुरू केली. पुढे १८७८ साली त्यांनी आणि लोकहितवादींनी मराठी ग्रंथकारांना एकत्र बोलाविले. हेतू हाच, की मराठीत ग्रंथ निघावेत आणि त्यांचा प्रसार व्हावा. १८८५ साली असा दुसरा मेळावा ठरला तेव्हा जोतीराव फुल्यांना आमंत्रण गेले, आणि त्यांनी ते रोखठोक शब्दांत नाकारले. ते पत्र पुष्कळांना ठाऊक असते. परंतु त्याआधी दोन वर्षे जोतीराव स्वतःच्या ग्रंथाच्या प्रसारासाठी काय करीत होते, हे सहसा कोणी सांगत नाही.

१८८३ साली त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला. वाचक कोण? शेतकरी. त्याला अक्षर येत नव्हते, आणि त्याच्या गावात पुस्तकाचे दुकान असण्याचा प्रश्नच नव्हता. मग जोतीरावांनी हस्तलिखित काखेत मारले आणि मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर, वंगणी अशा ठिकाणी लोकांपुढे स्वतः वाचून दाखविले. बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनीही राज्यकारभारातून वेळ काढून ते त्यांच्याकडून वाचवून ऐकले आणि द्रव्यसाहाय्य केले. जोतीरावांनी हे सारे प्रस्तावनेत नोंदवून ठेवले आहे. राजवाड्यात जे वाचले तेच ओतुरास वाचले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

विलायतेत चार्ल्स डिकन्स १८५८ पासून आपल्या कादंबऱ्यांची जाहीर वाचने तिकीट लावून करीत असे आणि त्यात त्याने मोठा पैसा मिळविला. पण तिथे श्रोत्याला वाचता येत होते आणि पुस्तक बाजारात होते. इकडे तिकीटही नाही आणि छापील पुस्तकही नाही. ज्याच्या दुःखाचा हा हिशेब, त्यानेच तो आधी ऐकावा, एवढीच मांडणी.

आता एक अवघड गोष्ट सांगतो. ‘दीनबंधु’ हे पत्र कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली काढले आणि १८८० पासून ते नारायण मेघाजी लोखंडे चालवीत होते. लोखंडे म्हणजे आम्हा कामगार चळवळीतल्यांचे आद्यपुरुष! १८९० साली गिरणीकामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्या खटपटीने. त्याच लोखंड्यांनी ‘असूडा’ची पहिली दोन प्रकरणे छापली आणि पुढची छापली नाहीत. लिखाण फार जहाल वाटले. आपल्याच माणसाने हात आखडता घेतला याचा जोतीरावांना संताप आला, आणि त्यांनी तो लपविला नाही. लोखंड्यांची तसबीर आमच्या युनियनच्या खोलीत आहे, ती तिथेच राहील. पण ही गोष्ट झाकून इतिहास सांगता यायचा नाही. सबंध पुस्तक जोतीरावांच्या हयातीत छापले गेले नाही. १९६९ साली राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने त्यांचे समग्र वाङ्मय काढले, त्यात ‘असूड’ संपूर्ण आहे. 

दुकान या कथेत फार उशिरा येते. गिरगावात मॅजेस्टिक सिनेमाजवळ केशवराव कोठावळ्यांनी पुस्तकविक्री सुरू केली आणि सिनेमाचेच नाव दुकानाला पडले. त्यांनी १९६४ साली ‘ललित’ मासिक काढून नव्या पुस्तकांची खबर घरोघर पोहोचविली, आणि पुढे ‘मॅजेस्टिक गप्पां’तून लेखक वाचकांसमोर बसू लागला. आपल्या जिल्ह्यात मात्र दुकानाविनाच काम चालले. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक गावोगाव गात हिंडले. ‘वाटचाल’ हे त्यांचे पुस्तक १९७३ साली निघाले, त्याच्या कितीतरी आधी गाणी लोकांच्या तोंडी होती.

माझा स्वतःचा अनुभव लहानसा आहे. यंत्रमाग कामगारांच्या हक्कांवर मी एक पुस्तिका लिहिली आणि पाळी सुटायच्या वेळी मालेगावात कारखान्याच्या दारात घेऊन उभा राहिलो. एका वयस्क कामगाराने पुस्तिका उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, “भाऊ, आधी मजुरीचं पान वाचा.” मी वाचले. चारजण जमले. त्यांतल्या दुसऱ्याने तिथल्या तिथे सांगितले की मीटरमागे मजुरीचा माझा हिशेब चुकला आहे. तुटलेल्या धाग्यात जाणारा वेळ मी धरलाच नव्हता. खोलीत बसून लिहिताना ती चूक मला दिसली नव्हती. राहिलेल्या प्रतींवर मी रात्री बसून शाईने दुरुस्ती केली. दुसऱ्या दिवशी तोच कामगार आला आणि दुरुस्त केलेल्या दोन प्रती पैसे मोजून घेऊन गेला. एक त्याची, एक त्याच्या नामपुरातल्या मेव्हण्याची.