नळीद्वारे अन्नपुरवठा आणि परिचारिकांची शुश्रूषा : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

आधुनिक वैद्यकाचा इतिहास बहुधा शोध, उपकरणे आणि डॉक्टर यांच्या नावांनी लिहिला जातो. त्या उपकरणांचा रोजचा वापर ज्यांच्या हातून झाला, त्या परिचारिकांचा उल्लेख या इतिहासात क्वचितच येतो. अतिदक्षता विभागातील बेशुद्ध रुग्णाला नाकातून जठरापर्यंत नेलेल्या नळीने अन्न दिले जाते. या अन्नपुरवठ्यामुळे पोट फुगणे, उलटी होणे, अन्न घशाशी येणे, अतिसार, बद्धकोष्ठता असे पचनाचे उपद्रव उद्भवतात. ते वेळीच ओळखणे आणि आवरणे हे प्रामुख्याने परिचारिकांचे काम आहे. या कामाचा ऐतिहासिक मागोवा घेणे आणि महाराष्ट्रातील एका सर्वज्ञात प्रकरणाच्या आधारे त्याचे महत्त्व तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

नळीचा इतिहास

गिळता न येणाऱ्या रुग्णाला नळीने अन्न देण्याची कल्पना जुनी आहे. जॉन हंटर या ब्रिटिश शल्यविशारदाने १७९० मध्ये गिळण्याचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णाला वाम माशाच्या कातड्याच्या नळीतून पातळ अन्न पोहोचविले. १९२१ साली अमेरिकेत अब्राहम लेव्हिन आणि इंग्लंडमध्ये जॉन रायल यांनी आपापल्या नळ्या प्रसिद्ध केल्या. आपल्याकडील रुग्णालयांत आजही ‘रायल्स ट्यूब’ हाच शब्द रूढ आहे. रायल यांनी ही नळी मुळात जठरातील रसाचे नमुने तपासणीसाठी बाहेर काढण्याकरिता तयार केली होती, हे लक्षणीय आहे. अन्न आत घालणे आणि आतील अंश बाहेर काढून पाहणे या दोन्ही कामांसाठी पुढे तीच नळी वापरली जाऊ लागली. १९५२ च्या कोपनहेगनमधील पोलिओच्या साथीत ब्यॉर्न इब्सेन यांनी कृत्रिम श्वासोच्छ्वासाचा मोठ्या प्रमाणावर अवलंब केला. अतिदक्षता विभागाची कल्पना त्या अनुभवातून साकार झाली आणि दीर्घकाळ बेशुद्ध राहणाऱ्या रुग्णाच्या पोषणाचा प्रश्न नित्याचा झाला.

तुरुंगातील नळी

याच साधनाचा दुसरा इतिहास भारतीय स्वातंत्र्यलढ्यात आढळतो. १९२९ मध्ये लाहोरच्या तुरुंगात उपोषणास बसलेल्या जतींद्रनाथ दास यांना बळजबरीने नळीद्वारे अन्न देण्याचा प्रयत्न झाला. त्यात त्यांच्या फुप्फुसांना इजा झाली आणि १३ सप्टेंबर १९२९ रोजी, उपोषणाच्या ६३ व्या दिवशी त्यांचे निधन झाले. मे १९३३ मध्ये अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये महावीर सिंह यांच्या बाबतीत असाच प्रकार घडला. नळीतून ओतलेले दूध फुप्फुसात गेल्याने त्यांना मृत्यू आला.

ही उदाहरणे येथे देण्याचे कारण असे की, नळी हे साधन स्वतःहून जीवदायी नाही. ती अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत गेली, अथवा जठरातील अन्न उलटून फुप्फुसात शिरले, तर तेच साधन प्राणघातक ठरते. तुरुंगातील कैदी प्रतिकार तरी करू शकत होता. बेशुद्ध रुग्णाला प्रतिकार करता येत नाही, आणि अनेकदा नळी चुकीच्या मार्गाने गेली तरी त्याला खोकलाही येत नाही. त्याच्या वतीने धोका ओळखण्याची जबाबदारी खाटेशेजारी उभ्या असलेल्या व्यक्तीवर येते.

परिचारिकांची कार्यपद्धती

या जबाबदारीतून परिचारिकांची एक कार्यपद्धती घडत गेली. अन्न देण्यापूर्वी नाकपुडीजवळील नळीची खूण सरकली आहे का हे पाहणे, सिरिंजने थोडा द्रव ओढून त्याची आम्लता तपासणे, रुग्णाचे डोके व छाती ३० ते ४५ अंशांपर्यंत उंच ठेवणे, अन्न दट्ट्याने न ढकलता सावकाश उतरू देणे आणि शेवटी पाण्याने नळी धुऊन घेणे हे तिचे मुख्य टप्पे होत. नळीत हवा सोडून पोटावर स्टेथोस्कोपने आवाज ऐकण्याची पद्धत अनेक वर्षे प्रचलित होती; परंतु ती विश्वासार्ह नसल्याचा इशारा ब्रिटनमधील रुग्णसुरक्षा यंत्रणेने २००५ मध्ये दिला.

पचनाच्या उपद्रवांबाबत अनुभवी परिचारिका लक्षणाआधी कारण शोधते. अतिसार सुरू झाला म्हणून अन्न लगेच बंद केले जात नाही. प्रतिजैविके, गोड पातळ औषधे, अन्नाचा वेग, भांड्यांची स्वच्छता यांचा आधी विचार होतो. दूध, पेज, डाळीचे पाणी, अंडे असे स्वयंपाकघरात तयार केलेले अन्न उन्हाळ्यात लवकर नासते. त्यामुळे ते केव्हा तयार झाले याची नोंद आवश्यक ठरते. बद्धकोष्ठतेत पाण्याचे प्रमाण आणि गुंगीची औषधे तपासली जातात. पोट ताठ लागले किंवा त्याचा घेर वाढला, तर डॉक्टरांना तत्काळ कळविले जाते.

या उपद्रवांची व्याप्ती पुढे आकडेवारीनेही सिद्ध झाली. स्पेनमधील ३७ अतिदक्षता विभागांतील ४०० रुग्णांच्या, १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६२.८ टक्के रुग्णांना पचनाचा कोणता ना कोणता उपद्रव झाल्याचे आढळले. त्याच वर्षी बार्सिलोनातील ८६ रुग्णांच्या अभ्यासात सपाट निजविलेल्या रुग्णांपैकी ३४ टक्क्यांना, तर डोके उंच ठेवलेल्यांपैकी ८ टक्क्यांना न्यूमोनियाची शंका निर्माण झाली. खाटेची उशाकडील बाजू उचलून ठेवणे या साध्या कृतीचे मोल त्यावरून स्पष्ट होते.

तथापि प्रत्येक रूढ पद्धत अशी कसोटीस उतरली नाही. दर काही तासांनी जठरातील उर्वरित अंश मोजणे आणि तो अधिक भरल्यास अन्न थांबविणे, हा दीर्घकाळ नियमच होता. फ्रान्समधील ४४९ रुग्णांच्या २०१३ च्या अभ्यासात, हे मोजमाप न केल्याने न्यूमोनियाचे प्रमाण वाढत नाही असे दिसले. २०१६ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी नेहमीच्या मोजमापाची गरज नाकारली. अन्न वारंवार थांबविल्याने रुग्णाची उपासमार होते, हा मुद्दा यातून पुढे आला. म्हणजेच परंपरेची फेरतपासणी हाही या इतिहासाचा भाग आहे.

के. ई. एम. रुग्णालयातील सेवा

महाराष्ट्रात या सेवेची सर्वांत ठळक नोंद वैद्यकीय ग्रंथात नव्हे, तर न्यायालयाच्या निकालपत्रात सापडते. मुंबईच्या परळ येथील के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथीलच एका कर्मचाऱ्याने हल्ला केला. मेंदूचा प्राणवायू तुटल्याने त्या कायमच्या परावलंबी झाल्या. चार क्रमांकाच्या वॉर्डलगतच्या खोलीत सहकारी परिचारिकांनी आणि त्यांच्यामागून आलेल्या पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. ती खोली अतिदक्षता विभाग नव्हती. पण सेवेचे स्वरूप तेच होते. त्यांना रुग्णालयाबाहेर हलविण्याचा विचार झाला, तेव्हा परिचारिकांनीच त्यास विरोध केला.

त्यांना अन्न बंद करण्याची परवानगी मागणारी पिंकी विराणी यांची याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आली. न्यायालयाने नेमलेल्या तीन डॉक्टरांच्या समितीने दिलेल्या अहवालानुसार, सप्टेंबर २०१० पर्यंत त्यांना तोंडाने अन्न भरविले जात होते. मलेरियानंतर आहार घटल्याने रायल्स ट्यूब घालण्यात आली. म्हणजे सुमारे ३७ वर्षे, गिळण्याची क्षमता मर्यादित असलेल्या व्यक्तीला घास बारीक करून हाताने भरविण्यात आले. एवढ्या काळात त्यांच्या अंगावर एकही शय्याव्रण झाले नाही, याचीही दखल घेण्यात आली. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने याचिका फेटाळली. त्यांच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार याचिकाकर्तीचा नसून वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्या के. ई. एम.च्या कर्मचाऱ्यांचा आहे, असे न्यायालयाने मानले. भरविणे ही केवळ तांत्रिक कृती नसून तिच्यातून नाते आणि अधिकार निर्माण होतो, असा याचा अर्थ लावता येतो. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने शानबाग यांचे निधन झाले.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, नळीला रायल यांचे नाव मिळाले. परंतु ती सुरक्षित ठेवणारे ज्ञान परिचारिकांच्या हाती, तोंडी आणि ड्यूटी बदलताना दिलेल्या सूचनांत राहिले. के. ई. एम.मधील सेवा नोंदली गेली ती खटल्यामुळे. खटला न झालेल्या असंख्य खाटांची अशी नोंद नाही. ग्रामीण भागात तर नळीसह घरी पाठविलेल्या रुग्णाला भरविण्याचे काम आई, पत्नी, सून यांच्याकडे येते आणि परिचारिकेने निघताना सांगितलेल्या चार गोष्टी हाच त्यांचा आधार असतो. सोलापूरचे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ मध्ये सुरू झाले. त्या काळापासून जिल्ह्यात सेवा केलेल्या निवृत्त परिचारिकांच्या मुलाखती महाविद्यालयीन इतिहास विभागांनी संकलित केल्यास, या दुर्लक्षित ज्ञानाचे मौलिक साधन उपलब्ध होऊ शकेल. हे काम आताच हाती घेणे आवश्यक आहे; कारण हे ज्ञान कागदावर नसून माणसांच्या स्मरणात आहे.