न वटलेल्या नोटा

जुन्या नोटा जमविणे हा पुष्कळांना रिकामटेकड्या श्रीमंताचा उद्योग वाटतो. मलाही तो तसाच वाटे. मेक्सिकोतील प्रांतिक बँकांच्या नोटा हाती येऊ लागल्यापासून मात्र माझे मत पालटले.

त्या देशात १८९७ च्या कायद्याखाली सोनोरा, दुरांगो, हालिस्को, युकातान अशा अनेक राज्यांतील बँका आपापल्या नोटा काढीत. वसूल भांडवलाच्या तिपटीहून अधिक नोटा काढावयाच्या नाहीत, आणि नोटा व मागताक्षणी द्यावयाच्या ठेवी मिळून तिजोरीतील रोकडीच्या दुपटीवर जाता कामा नयेत, असा निर्बंध असे. नोटेवरील मजकूर आपल्या दर्शनी हुंडीच्या थाटाचा : जो नोट आणील त्यास बँक तत्काळ रोख पेसो देईल. खाली बँकेच्या अधिकाऱ्यांबरोबर सरकारी तपासनिसाची सही. राज्याची हद्द ओलांडली की मात्र बट्टा लागे. यात आपण नवल मानण्याचे कारण नाही. १८६१ च्या कायद्यानंतर आपल्याकडेही नोटांची मंडळे होती, आणि मुंबई मंडळाची नोट कलकत्त्यास हक्क म्हणून चालत नसे.

यांतील बहुतेक नोटा न्यूयॉर्कच्या अमेरिकन बँक नोट कंपनीने पोलादी ठशांवर छापल्या. कोरीव काम इतके नाजूक की भिंग घेऊन बसावे!

नोव्हेंबर १९१३ मध्ये हुएर्ताच्या सरकारने नोटांच्या बदली रोकड देण्याचे बंधन उठविले, आणि नोटा घेणे मात्र सर्वांवर सक्तीचे केले. चांदीचे नाणे पाहता पाहता घराघरांत दडले. यादवी चाललीच होती. कारान्साने आपला कागद काढला, व्हियाने आपला. व्हियाच्या एका नोटेचा आकार एवढा मोठा की लोक तिला ‘चादर’ म्हणत. गावात नवे सैन्य शिरले की जुन्याचा पैसा रद्द ठरण्याची धास्ती. दुकानदाराने गल्ल्यात कोणाचा कागद ठेवावा? शेवटी १९१६ साली कारान्साने बँकांचे परवानेच काढून घेतले. नोटा काढणारी एकच मध्यवर्ती बँक उघडण्यास १९२५ साल उजाडले.

आता संग्राहकाची गोष्ट. वचनाप्रमाणे वटलेली नोट बँकेत परत गेली, रद्द झाली, नष्ट झाली. आपल्या हाती येते ती बहुधा न वटलेली. तिच्याखेरीज बाजारात येतात त्या बँकेतच पडून राहिलेल्या, सही न झालेल्या कोऱ्या नोटा. सोनोरा बँकेच्या अशा नोटा स्वस्तात मिळतात. दिसतात सुरेख, आणि नवशिके त्यांवरच भाळतात. मला त्यांचे फारसे अगत्य नाही. सही नाही तेथे वचन नाही, मग मोडणार काय?

माझ्या संग्रहात एक मळकट पाच पेसोंची नोट आहे. विक्रेत्याने ती इतर नोटांबरोबर फुकटच दिली. घडीवर फाटलेली, मागून कोणी पातळ कागदाची पट्टी जपून चिकटविली आहे. सह्या सर्व जागच्या जागी आहेत.