अडीच नंबरची रीड

क्लॅरिनेट म्हटलं की आमच्या पिढीला दोन गोष्टी आठवतात. एक, लग्नाच्या वरातीतला बँड. आणि दुसरी, रेडिओवर लागणाऱ्या मास्टर इब्राहिम यांच्या रेकॉर्ड्स. सिनेमाची गाणी शब्दांशिवाय वाजायची आणि आपण मनातल्या मनात शब्द घालत बसायचो! त्या काळ्या नळीच्या तोंडाशी बोटभर लांबीची एक चपटी पट्टी असते, तीसुद्धा गवताची, आणि सगळा सूर तिच्या थरथरण्यातून निघतो, याचा विचार मात्र तेव्हा कधी मनात आला नाही.

ही पट्टी म्हणजे रीड. सध्या आमची एक नात परदेशातल्या शाळेत क्लॅरिनेट शिकते आहे, त्यामुळे हा शब्द घरात रोज ऐकू येतो. दहा रीड्सचा डबा आणायचा, सगळ्यांवर 'अडीच' असा एकच नंबर. त्यातल्या दोनतीन सुरेल वाजतात, काही चालवून घेण्याजोग्या, आणि बाकीच्या एकतर फुसफुसतात नाहीतर इतक्या ताठ, की फुंकून फुंकून गाल दुखावेत. नंबर एक, पैसे सारखे, मग असं का? शाळेत इतिहास शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. उत्तर शोधायला निघाले ती थेट अठराव्या शतकात जाऊन पोचले.

क्लॅरिनेटचा जन्म जर्मनीतल्या न्युरेंबर्ग शहरात, साधारण १७०० च्या आसपासचा. त्याचं श्रेय योहान ख्रिस्तोफ डेनर या वाद्यकाराला देतात. त्या काळी रीड दोऱ्याने गुंडाळून बांधत. बरेच वादक ती वरच्या ओठाकडे ठेवून वाजवत. पॅरिसच्या संगीतशाळेने रीड खालच्या ओठावर ठेवण्याची पद्धत अधिकृत केली ती १८३१ मध्ये. आणि मुख्य म्हणजे वादकाला रीड तासता यावीच लागे. मोझार्टने १७९१ साली अँटोन स्टाडलर या वादकासाठी आपली क्लॅरिनेटची रचना लिहिली, तेव्हा नंबर छापलेला डबा ही वस्तूच जगात नव्हती.

हे वाचताना मला बोरू आठवला. आमच्या आधीच्या पिढीने बोरू तासून कित्ते गिरवले. बोरूचं टोक नीट उतरलं नाही तर तक्रार कुणाकडे करणार? चाकूही आपला आणि हातही आपला. पुन्हा एकदा तासायचा, झालं. गंमत म्हणजे रीडसुद्धा बोरूच्याच गणगोतातली. तिच्या झाडाचं शास्त्रीय नाव अरुंडो डोनॅक्स. झाड म्हणायचं एवढंच, प्रत्यक्षात ते उंच, पोकळ दांड्याचं गवत.

हे गवत अनेक देशांत उगवतं, पण रीडसाठी नाव झालं ते फ्रान्सच्या दक्षिणेकडल्या व्हार प्रांताचं. भूमध्य समुद्राचा किनारा, भरपूर ऊन आणि मिस्त्रालचा कोरडा वारा. दोन वर्षांचे झालेले दांडे हिवाळ्यात कापतात, पाती सोलून वाळवतात, मग तुकडे करून पिवळेधमक होईपर्यंत उन्हात ठेवतात. त्यानंतर नळीचे उभे चार भाग करायचे, आतली बाजू सपाट करायची आणि वरून तासत तासत टोक मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकं पातळ करायचं. इतक्या पातळ टोकात जराशी उणीवअधिकही सुरात ऐकू येते.

आता डब्याकडे वळू. पॅरिसच्या ऑपेरात यूजेन व्हान दोरेन नावाचा क्लॅरिनेटवादक होता. तो स्वतःसाठी रीड्स करायचा, त्या सहकाऱ्यांना आवडू लागल्या, आणि १९०५ मध्ये त्याचा धंदा उभा राहिला. १९२८ च्या सुमारास अमेरिकेत लॉस एंजेलिसला रिको ही कंपनी निघाली. रीड आता दुकानात मिळू लागली. वादकाच्या हातातला चाकू सुटला आणि त्याच्या बदल्यात त्याला मिळाला एक नंबर!

हा नंबर म्हणजे जाडी, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. एका प्रकारच्या सगळ्या रीड्स यंत्रावर एकाच मापात कापतात. मग यंत्र प्रत्येक रीड दाबून ती किती वाकते ते बघतं आणि त्यावरून दोन, अडीच, तीन असे गट पाडतं. म्हणजे माप सारखं, ताठपणा वेगळा, कारण गवत वेगळं! शिवाय 'अडीच' हा नेमका बिंदू नाही, तो पट्टा आहे. त्यात दोनाकडे झुकणारीही रीड येते आणि तिनाला टेकलेलीही. त्यातच एका कंपनीची 'अडीच' दुसऱ्या कंपनीच्या 'अडीच'शी जुळेलच असं नाही.

आणि वाकणं मोजलं म्हणजे सूर मोजला असं होत नाही. ऑस्ट्रेलियातल्या ॲडिलेडच्या संशोधकांनी चांगल्या आणि वाईट वाजणाऱ्या रीड्स सूक्ष्मदर्शकाखाली तपासून १९९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. गवताच्या आत अन्नपाणी वाहून नेणाऱ्या नलिकांच्या जुड्या असतात आणि त्यांच्याभोवती तंतूंचं कडं असतं. चांगल्या वाजणाऱ्या रीड्समध्ये ही कडी अखंड आणि तंतूंनी भरलेली आढळली. एकाच दांड्याच्या दोन बाजूंतही ही वीण सारखी नसते. ते छापील नंबरात कुठून दिसणार? त्यातून रीड ओलसर हवेत मऊ होते, कोरड्या हवेत वाकडी होते, आणि रोज भिजून वाळून थकत जाते. काल गाणारी रीड आज रुसते ती अशी.

दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात गेला आणि अमेरिकेतल्या वादकांना फ्रेंच माल मिळणं कठीण झालं. अरुंडो डोनॅक्स कॅलिफोर्नियातही नदीकाठी भरपूर होतं. पण व्हारमध्ये ज्याची शेती करतात, तेच गवत आज कॅलिफोर्नियात उपद्रवी तण म्हणून खर्च करून उपटतात. कुणाचं सोनं, कुणाचं तण.

मग सगळ्या रीड्स एकसारख्या करता येतील का? येतात की. त्याच १९९८ साली कॅनडात गी लेजेर आणि मार्क कोर्टशॉट यांनी कृत्रिम रीडची कंपनी काढली. आज कित्येक व्यावसायिक वादकही प्लॅस्टिकची रीड वापरतात. ती भिजवावी लागत नाही, हवेने रुसत नाही. तरी गवताच्या रीडवर जीव असलेले वादक आहेतच. यावरून मला १८१२ सालची एक हकिकत आठवते. इव्हान म्युलर याने सगळ्या पट्ट्यांत वाजेल असा तेरा चाव्यांचा एकच क्लॅरिनेट पॅरिसच्या जाणकारांपुढे ठेवला. त्यांनी तो नाकारला. कारण काय, तर लहानमोठ्या क्लॅरिनेटांचे निरनिराळे आवाज त्यामुळे नाहीसे होतील! पुढे काळाने म्युलरलाच बरंचसं खरं ठरवलं, पण त्या मंडळींची भीती मला अगदीच खुळी वाटत नाही.

आपल्याकडचे सनईवाले याबाबतीत शहाणे. सनईला दोऱ्याने बांधलेल्या सुट्या पत्त्या लोंबताना तुम्ही पाहिल्या असतील. एका पत्तीवर भरवसा नाही, हे त्यांनी धरूनच ठेवलेलं असतं.

मला यात काळजी वाटते ती शिकाऊ मुलांची. मोठा वादक वाईट रीड ओळखतो आणि बाजूला टाकतो. दहा वर्षांच्या पोराला ते कळत नाही. डब्यावर नंबर बरोबर आहे, म्हणजे चूक माझीच, असं त्याला वाटतं. आणि एक दिवस वाद्य पेटीत जातं ते कायमचं. तुकड्या पाडून, गुणांवरून मुलं ओळखण्यात माझी पस्तीस वर्षं गेली. पंचावन्न टक्के मिळालेली दोन मुलं एकसारखी कधीच नव्हती. नंबर गट पाडायला उपयोगी, पारख त्याच्या पुढे सुरू होते.

तेव्हा घरात कुणी शिकत असेल, तर तीनचार रीड्सवर पेन्सिलीने खुणा करून त्या आलटून पालटून वाजवायला सांगा. पहिल्या दिवशी नावडलेली लगेच फेकू नका, आठवड्याने पुन्हा लावून बघा. आणि मूल रडकुंडीला आलं, तर आधी रीड बदला, मग मुलाला बोला.

तुमच्यापैकी कुणी सनई किंवा क्लॅरिनेट वाजवत असेल, तर आपला अनुभव जरूर लिहा.